आधीचे दिवस विचार

प्रिय डॉक्टर,

(ही हाक अजून परकी वाटत असेल. होईल सवय.)

पुढच्या महिन्यापासून कॅज्युअल्टीत रात्रपाळी आहे, काय वाचून ठेवू, असं विचारलंयस. वाचायचं ते तू वाचशीलच. मी एक प्रश्न देते: याआधीचे दिवस कसे गेले? समोरचा माणूस आज काय होतंय तेवढंच सांगतो. मागचं आपणच खणून काढायचं असतं.

कोविडच्या सुरुवातीला आम्ही सगळेच म्हणत होतो की मुलांना काही होत नाही. बहुतेक मुलांच्या बाबतीत ते खरंही होतं. पण एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधल्या बालरोगतज्ज्ञांनी इशारा दिला: खणखणीत ताप, पोटदुखी, उलट्या-जुलाब, अंगावर पुरळ, चिपडं नसलेले लाल डोळे, आणि बघता बघता रक्तदाब घसरलेली मुलं येताहेत. पुढे त्याला एमआयएस-सी (मुलांमध्ये एकाच वेळी अनेक अवयवांना येणारी सूज) म्हणू लागले. गंमत अशी, की त्यातल्या अनेकांची पीसीआर निगेटिव्ह, अँटीबॉडी मात्र पॉझिटिव्ह. कारण विषाणू येऊन गेलेला असतो २ ते ६ आठवड्यांपूर्वी. आता पेटलेली असते ती शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती. विषाणू आला तेव्हा मूल आजारी पडल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं. म्हणून "घरात महिन्या-दीड महिन्यात कुणाला सर्दी-ताप झाला होता का?" हे विचार. पोट इतकं दुखतं की अपेंडिक्स समजून काही मुलं थेट ऑपरेशन टेबलावर गेली आहेत. आणि कावासाकी आजाराशी साम्य दिसलं म्हणून तिथेच थांबू नकोस. तोमिसाकू कावासाकींनी १९६७ मध्ये वर्णन केलेला तो आजार बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. हा मात्र साधारण आठ-नऊ वर्षांच्या, तोवर ठणठणीत असलेल्या मुलांतही दिसला.

हातपाय गार लागले तर सलाइन धो धो सोडू नकोस. हृदयाचा स्नायूच थकलेला असू शकतो. थोडं दे, यकृत चाचपून बघ (हृदयाला पाणी झेपेना की ते वाढतं), मग पुढचं. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्तचाचणी) आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) लवकर कर. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या फुगल्यात का तेही इकोतच कळतं. आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या अँटीबॉडी) आणि स्टेरॉइड वेळेवर मिळाली तर बहुतेक मुलं झपाट्याने सुधारतात. अत्यवस्थ मूल चार दिवसांनी कॉटवर उभं राहून दंगा करताना बघितलंय मी.

आता दुसरी गोष्ट, माझ्याच चुकीची. चाळिशीतला एक गृहस्थ आला. मानेच्या डाव्या बाजूला, मागे, दुखणं. "असं कधी दुखलं नव्हतं," म्हणाला. मी मान वळवून बघितली, वेदनाशामक लिहून दिलं, घरी पाठवलं. आठवडाभर खोकल्याने हैराण होता, हे मी विचारलंच नाही. दोन दिवसांनी परत आला तो चक्कर, उचकी आणि एका बाजूला झुकणारी चाल घेऊन. मानेच्या मागच्या बाजूने मेंदूकडे जाणाऱ्या डाव्या व्हर्टिब्रल धमनीचं डिसेक्शन, म्हणजे तिला आतून पडलेली चीर.

धमनीचं अस्तर फाटतं, रक्त भिंतीच्या थरांत शिरतं, वाट अरुंद होते, गुठळी धरते आणि मेंदूकडे निघते. एकूण इस्केमिक (रक्तपुरवठा अडून होणाऱ्या) स्ट्रोकमध्ये याचा वाटा जेमतेम २ टक्के, पण तरुणांच्या स्ट्रोकमध्ये २० टक्क्यांच्या आसपास. निमित्त क्षुल्लक असतं: जोराची शिंक, उलट्या, खेळताना बसलेला हिसका, कडकड मोडून घेतलेली मान. (मान मोडल्यामुळे चीर पडली, की चीर आधीच पडून मान दुखत होती म्हणून ती मोडून घेतली, हे दर वेळी सांगता येत नाही. त्यामुळे मोडणाऱ्यावर लगेच खापर फोडू नकोस. पण अशा दुखऱ्या मानेला कुणाला हात लावू देऊ नकोस.)

चीर कॅरोटिडला, म्हणजे मानेच्या पुढच्या बाजूच्या धमनीला असेल तर त्याच बाजूची पापणी किंचित उतरते, बाहुली लहान होते. उजेडात हा फरक निसटतो, म्हणून खोलीतला दिवा मालवून बघ. मेंदूच्या साध्या सीटीवर विसंबू नकोस. मानेची अँजिओग्राफी (धमन्यांचं चित्र) माग. एमआरआयमध्ये भिंतीतलं रक्त चंद्रकोरीसारखं दिसतं, एकदा पाहिलंस की विसरणार नाहीस. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधं द्यावीत की रक्त गोठू न देणारी अँटिकोअ‍ॅग्युलंट, हा वाद दोन्ही औषधांची तुलना करणाऱ्या २०१५ च्या कॅडिस चाचणीनंतरही पुरता मिटलेला नाही. त्यात २५० रुग्ण होते आणि पुन्हा स्ट्रोक इतक्या थोड्यांना झाला की फरक दिसेना. दोन्हींपैकी एक, तीन ते सहा महिने, हे मात्र ठरलेलं.

तो गृहस्थ अधूनमधून भेटतो. चाल सुधारलीय. उजव्या हाताला गरम-गार अजून कळत नाही, म्हणून अंघोळीचं पाणी डाव्या हाताने बघतो. मला कधी बोल लावला नाही त्याने. मीच दर वेळी त्याच्या त्या उजव्या हाताकडे बघते.

पहिली रात्र झाली की लिही.

तुझी,
मॅडम