मोठी एएम स्टेशनं सिग्नल एकाच बाजूला का दाबतात?

दिवसा गाडीत खणखणीत लागणारं 50 किलोवॉटचं अमेरिकन स्टेशन अंधार पडला की गुल का होतं, आणि एवढी ताकद असून सिग्नल चहूकडे का सोडत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. रेडिओ ठीक आहे. बहुधा ते स्टेशन रात्री मुद्दाम तुमच्याकडे पाठ करतं.

दिवसा आयनावरणाचा, म्हणजे हवेच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, खालचा डी थर मीडियम वेव्ह, म्हणजे एएमच्या लहरी, गिळून टाकतो, त्यामुळे जमिनीलगत जाईल तेवढाच सिग्नल. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरांवर आपटून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. आकाशवाणीचं नागपूरचं 1566 किलोहर्ट्झवरचं नॅशनल चॅनल रात्री लांबलांब लागायचं ते यामुळेच. पण जिथे उतरतात तिथे त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसरं कुणी बोलत असेल, तर दोघांचाही विचका.

याचं एक उदाहरण: फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटरचं डब्ल्यूएफएलए-डब्ल्यूएसयूएन आणि मिलवॉकीचं डब्ल्यूटीएमजे, त्या काळी दोन्ही 620 वर होती. 1932 साली रेमंड विल्मॉट या इंजिनिअरने क्लिअरवॉटरला दोन टॉवरची रचना करून मिलवॉकीच्या दिशेचा सिग्नल दाबला. म्हणजे इथे मुख्य काम एका दिशेला गप्प बसण्याचं होतं.

हे जमतं कसं? समजा 1000 किलोहर्ट्झचं स्टेशन आहे. तरंगलांबी 300 मीटर. उत्तर-दक्षिण असे दोन टॉवर 75 मीटरवर, म्हणजे पाव तरंगलांबीवर उभे करा आणि दक्षिणेकडच्या टॉवरला करंट पाव आवर्तन (लहरीचा एक पूर्ण चढ-उतार म्हणजे एक आवर्तन) उशिरा द्या. उत्तरेच्या टॉवरची लहर दक्षिणेच्या टॉवरपाशी पोचेपर्यंत पाव आवर्तन उलटलेलं असतं, त्यामुळे तिथून पुढे दक्षिणेला दोघी हातात हात घालून जातात. उलट दिशेला मात्र दक्षिणेची लहर आधीच पाव उशिरा निघालेली, वर वाटेत आणखी पाव. एकूण अर्धं आवर्तन. एकीचा चढ, दुसरीचा उतार, बेरीज शून्य.

वीज वाया जात नाही. या रचनेत दक्षिणेच्या श्रोत्याला 50 किलोवॉट हे एका टॉवरच्या 100 किलोवॉटइतके भासतात. बॉस्टनचं डब्ल्यूबीझेड, 1030, हाच फायदा उठवतं. त्याचे टॉवर हल नावाच्या गावी समुद्रकाठी आहेत, पूर्वेला नुसता अटलांटिक. माशांना बातम्या ऐकवून जाहिराती थोड्याच मिळतात! म्हणून रोख पश्चिमेला.

अनेक स्टेशनं दिवसा एकाच टॉवरवर चालतात आणि सूर्यास्ताला ही जोडणी चालू करतात. तुमचं स्टेशन कोणतं आणि तुम्ही त्याच्या कोणत्या बाजूला राहता ते सांगा, रात्रीचा नकाशा बघून नेमकं सांगता येईल.