नाक किती वर? गॅसर बांधणाऱ्यांचे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि गॅरेजमध्ये एखादी जुनी शेवरोले किंवा विलीस उघडून बसलेल्या वाचकांची पत्रं वाढली आहेत. काही पत्रं पुण्या-कोल्हापूरहूनही येतात. बहुतेकांत गोंधळ तोच असतो, म्हणून यावेळी निवडक प्रश्नांना एकत्र उत्तरं देत आहे.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) ही अमेरिकन संघटना १९५१ साली स्थापन झाली. तिच्या ड्रॅग शर्यतींत, म्हणजे सरळ ट्रॅकवरच्या छोट्या शर्यतींत, पंपावरच्या पेट्रोलवर धावणाऱ्या, पूर्ण बॉडीच्या, मडगार्ड-दिवे-काचा शाबूत असलेल्या गाड्यांसाठी 'गॅस' वर्ग होते. अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात, म्हणून ह्या गाड्या गॅसर. १९६० च्या दशकात स्टोन-वूड्स-कुक, 'बिग जॉन' मझमानियन आणि 'ओहायो जॉर्ज' माँटगोमेरी यांच्या विलीस गाड्यांनी हे वर्ग गाजवले.

माझ्याकडे १९५६ ची शेवरोले आहे, २८३ घनइंची इंजिन आहे. ही कोणत्या गॅस वर्गात बसेल? (एडिसन, न्यू जर्सी)

आधी वर्ष ठरवा, मग वर्ग. ए, बी, सी, डी ह्या वर्गांच्या मर्यादा वर्षागणिक बदलत गेल्या. '१९६२ ची गाडी' आणि '१९६७ ची गाडी' ह्या दोन वेगळ्या गाड्या आहेत. दोन्हींतलं जे आवडेल ते उचललं, तर अशी गाडी कोणत्याच वर्षी कोणत्याच वर्गात उभी राहू शकली नसती.

हिशेब सोपा आहे. गाडीचं पौंडातलं वजन भागिले इंजिनचे घनइंच. तुमची गाडी ३,०५० पौंड भरली असं धरू. ३,०५० भागिले २८३ म्हणजे १०.७८. हेच इंजिन १/८ इंच रिबोर केलं, म्हणजे बोअर (सिलिंडरचा व्यास) ३.८७५ वरून ४ इंचांवर नेला, की ते ३०१ घनइंची होतं आणि आकडा १०.१३ वर येतो. एवढ्या फरकानं वर्ग बदलू शकतो. त्या काळी कित्येकांनी २८३ चं ३०१ केलं किंवा मुद्दाम केलं नाही, त्यामागे हाच हिशेब होता. मात्र २८३ चे सगळे ब्लॉक एवढं रिबोर सहन करत नाहीत. सिलिंडरच्या भिंतीची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्रानं मोजून घेतल्याशिवाय मशीन शॉपला हो म्हणू नका.

वजन काट्यावर करा. विकणाऱ्यानं सांगितलेलं वजन किंवा माहितीपत्रकातला आकडा चालणार नाही, कारण फायबरग्लासचा पुढचा भाग बसवला, मागची सीट काढली, बॅटरी डिकीत नेली की तो आकडा उरत नाही. तुमच्या वर्षाचं नियमपुस्तक मिळवा आणि बांधणी सुरू करण्याआधी ते जुन्या गाड्यांच्या मेळाव्याच्या आयोजकांना दाखवून खात्री करून घ्या.

पुढे डिस्क ब्रेक चालतील का? (ह्यूस्टन)

नुसत्या प्रदर्शनासाठी असेल तर ड्रमच ठेवा. ट्रॅकवर पळवणार असाल तर डिस्क बसवा आणि परीक्षकाचे दोन गुण गेले तर जाऊ द्या.

'बोल्ट-ऑन गॅसर किट' घेतलं आहे. १९६७ च्या रंगसंगतीतली १९५७ ची शेवरोले पुढून किती इंच उचलू म्हणजे खरी गॅसर दिसेल? मित्र म्हणतात, जितकं वर तितकं अस्सल. (ट्रॉय, मिशिगन)

हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि दर वेळी काळजी वाटते, कारण ह्यात जीव जातो.

पुढचा भाग का उचलत, ते आधी समजून घ्या. १९५० च्या दशकाच्या शेवटी आणि साठच्या सुरुवातीला मिळणारे स्लिक (नक्षी नसलेले) टायर अरुंद आणि टणक होते. पकड मिळवायची तर गाडी सुटताना वजन मागच्या चाकांवर यायला हवं, आणि वजनाचा मध्य वर असला की ते जास्त येतं. पुढे टायर सुधारले, वेग वाढले, तशा गाड्या खाली आल्या; दशकाच्या शेवटी आघाडीच्या गाड्यांची नाकं जवळपास सरळ झालेली दिसतात. म्हणजे 'जितकं वर तितकं अस्सल' हे तुमच्या १९६७ च्या रंगसंगतीच्या गाडीला लागूच पडत नाही.

उंचीला नियमाचीही मर्यादा होती. क्रँकशाफ्टची मध्यरेषा जमिनीपासून २४ इंचांच्या वर जाता कामा नये. गाडी पूर्ण वजनावर, शर्यतीच्या टायरवर, शर्यतीच्या हवेसह उभी करा आणि क्रँक पुलीच्या बोल्टच्या मध्यापासून फरशीपर्यंत टेप लावा. आज मेळाव्यांत दिसणाऱ्या बऱ्याच उंचाड्या गाड्या ह्या एका मापात नापास होतील.

दुसरं म्हणजे विलीसला कारखान्यातूनच पुढे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे होते. १९५५-५७ च्या शेवरोलेला नव्हते. त्या काळच्या कित्येक शेवरोले मूळ स्वतंत्र सस्पेन्शनवर, फक्त उंच स्प्रिंग घालून धावल्या. तेही तितकंच अस्सल आहे, स्वस्त आहे आणि पुष्कळ सुरक्षित आहे.

तरीही सरळ अ‍ॅक्सलच हवा असेल तर 'बोल्ट-ऑन' हा शब्द विसरा. पाटे ज्यांत अडकतात ते हँगर चॅसीला वेल्ड करावे लागतात. दोन्ही बाजूंची माप कर्णरेषेत ताडून पाहावी लागतात. कर्णांत १/८ इंचाहून जास्त फरक आला तर हँगर कापून पुन्हा लावायचे. ही गोष्ट किटच्या डब्यावर लिहीत नाहीत.

कॅस्टर (चाक ज्याभोवती वळतं त्या किंगपिनचा मागे झुकलेला कोन) ५ ते ७ अंश ठेवा आणि तो इंजिन बसवल्यावर, गाडी आपल्या उंचीवर उभी असताना मोजा. ११५ इंच व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर) शेवरोलेचं नाक ४ इंच उचललं की चॅसीच्या कलामुळेच कॅस्टर सुमारे २ अंशांनी वाढतो. हे लक्षात न घेता आधीच पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर घातली तर स्टिअरिंग जड होतं. पाचर लागलीच तर स्टीलची घ्या, अ‍ॅल्युमिनियमची दाबून चपटी होते आणि यू-बोल्ट सैल पडतात. टो-इन (चाकांची पुढची कड आत वळलेली) १/१६ ते १/८ इंच.

आता स्टिअरिंग. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. स्टिअरिंग बॉक्स अ‍ॅक्सलच्या मागे असेल आणि ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा) मागून पुढे डाव्या चाकाकडे जात असेल, तर शॅकल (पाट्याचं हलतं टोक धरणारा दुवा) पाट्याच्या पुढच्या टोकाला हवं. शॅकल मागे ठेवलं तर खड्ड्यात अ‍ॅक्सल एका कमानीत सरकतो, ड्रॅग लिंकचं टोक उलट कमानीत, आणि तुम्ही स्टिअरिंग स्थिर धरलेलं असतानाही चाकं वळतात. ड्रॅग लिंक आडवी, उजव्या चाकाकडे नेली तर हा त्रास कमी होतो, पण मग गाडी आपल्या उंचीवर उभी असताना ती जमिनीला समांतर असावी आणि जमेल तितकी लांब असावी. पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सल बाजूला सरकू न देणारा दांडा) लावलाच तर तो ड्रॅग लिंकला समांतर आणि जवळपास तेवढ्याच लांबीचा. ह्या कामाला बहुतेक किटवाले शेवरोले व्हेगाचा बॉक्स देतात. व्हेगा गाडी १९७१ च्या मॉडेलवर्षाची, त्यामुळे '१९६६ ची अस्सल बांधणी' म्हणून मिरवताना तो बॉक्स लगेच डोळ्यात भरतो.

टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) अ‍ॅक्सलच्या पुढे आणण्यासाठी काही जण स्टिअरिंग आर्म डावे-उजवे अदलाबदल करतात. त्यानं अ‍ॅकरमन (वळताना आतलं चाक जास्त वळण्याची रचना) उलटा होतो आणि वळणावर टायर घासत चालतात. आर्म गॅसच्या ज्योतीवर तापवून वाकवणं तर त्याहून वाईट. वाकवलेला आर्म मॅग्नेटिक तपासणीत पास झाल्याशिवाय गाडीवर चढवू नका. काही टेक इन्स्पेक्टर (ट्रॅकवर गाडी तपासणारे) तो पास झाला तरी नाकारतील, आणि तो त्यांचा हक्क आहे.

जुना अ‍ॅक्सल घेतला असेल तर गाडी जॅकवर घ्या, चाक वर आणि खाली धरून हलवा. कट्टकन खेळ जाणवला की किंगपिन आणि बुश दोन्ही बदला. नवे बुश लांब रीमरनं एकाच रेषेत रीम करून घ्यावे लागतात. हातोडीनं ठोकून, सॅन्डपेपरनं घासून बसवलेले बुश महिनाभरात सैल होतात आणि मध्यम वेगात पुढची चाकं थडथडायला लागतात. ती थडथड स्टिअरिंग डॅम्परनं दबते पण दोष तिथेच राहतो, म्हणून डॅम्पर विकणाऱ्याचं ऐकू नका.

तेव्हा ट्रॉयच्या वाचकांनी किट परत डब्यात ठेवावं आणि हँगर वेल्ड करण्याआधी सरळ अ‍ॅक्सलचं काम केलेल्या चॅसी बिल्डरकडे गाडी न्यावी. वेल्डिंग झालं असेल तर ते पळवण्याआधी त्याच्याकडून तपासून घ्यावं.

इंजिन मागे किती सरकवता येतं? (सॅन होजे)

गॅस वर्गात व्हीलबेसच्या १० टक्के. पुढच्या स्पिंडलच्या (चाकाच्या धुरीच्या) मध्यरेषेपासून सर्वांत पुढच्या स्पार्क प्लगच्या छिद्रापर्यंत मोजतात. १९४१ च्या विलीसचा व्हीलबेस १०४ इंच, म्हणजे १०.४ इंच, शेवरोलेला ११.५. शेवरोलेच्या व्ही-८ मध्ये सिलिंडरची डावी रांग पुढे असते, फोर्डमध्ये उजवी. चुकीच्या बाजूनं मोजलं तर इंजिन मर्यादेबाहेर जातं. फायरवॉल कापण्याआधी इंजिन तात्पुरतं ठेवून मोजा आणि आयोजकांकडून माप मान्य करून घ्या.

१२.५ कॉम्प्रेशनचं इंजिन पंपावरच्या ९१ ऑक्टेनवर चालेल ना? भारतातही ९१ च मिळायचं. (फ्रीमाँट)

नाही. शिवाय ते दोन ९१ सारखे नाहीत. भारतातल्या पंपावरचा ९१ हा रिसर्च ऑक्टेन, अमेरिकेतल्या पंपावरचा ९१ हा रिसर्च आणि मोटर ह्या दोन आकड्यांची सरासरी. अमेरिकन ९१ म्हणजे भारतीय मोजणीत ढोबळमानानं ९५-९६. लोखंडी हेडच्या १२.५ कॉम्प्रेशनला त्याही पेट्रोलवर नॉकिंग (पेट्रोलचा अवेळी भडका) येईल आणि पिस्टनच्या कडा जातील. रेस पेट्रोल घ्या, नाहीतर पिस्टन बदलून कॉम्प्रेशन ९.५ च्या आसपास आणा.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीवर '१० पॉइंट वाढ' लिहिलेलं असतं. एक पॉइंट म्हणजे ०.१ ऑक्टेन. दहा पॉइंटला ९१ चं ९२ होतं, एवढंच.

जुनं लोखंडी फ्लायव्हील आणि १९६४ चं स्कॅटरशील्ड (फुटलेले तुकडे अडवणारं क्लचभोवतीचं कवच) आहे. सगळं त्याच काळातलं आहे, वापरू का? सीटबेल्टही तेव्हाचेच मिळाले आहेत. (डेटन, ओहायो)

शील्ड भिंतीवर टांगा, फ्लायव्हील भंगारात द्या. बिडाचं फ्लायव्हील मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर फुटलं तर तुकडे थेट ड्रायव्हरच्या पायांवर येतात. गाडी पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणार असेल तर एसएफआय (शर्यतीच्या सुट्या भागांची सुरक्षा मानकं ठरवणारी संस्था) १.१ चं फ्लायव्हील-क्लच आणि ६.१ वर्गाचं बेलहाउसिंग (क्लचभोवतीचं कवच) एनएचआरए मागतेच. गाडी हळू असली तरी हेच वापरा, हा माझा आग्रह आहे. रंग मारला की नवं बेलहाउसिंग जुनंच दिसतं.

स्टीलचं बेलहाउसिंग बसवताना डायल इंडिकेटर लावून मधल्या बोअरचा (छिद्राचा) रनआउट, म्हणजे मध्यापासून सरकलेलं अंतर, बघा. तो ०.००५ इंचांच्या आत हवा; जास्त असेल तर ऑफसेट डॉवेल पिन घाला (०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंचांच्या मिळतात). हे टाळलं की चार गिअरच्या बॉक्सचा इनपुट बेअरिंग लवकर जातो आणि दोष गिअरबॉक्सवाल्यावर येतो.

सीटबेल्ट जुने मुळीच नकोत. एसएफआय १६.१ चे बेल्ट तयार झाल्याच्या तारखेपासून २ वर्षं चालतात. 'पुढच्या हंगामात बदलू' हे उत्तर कोणी देऊ नये. स्लिक लावून १३.९९ सेकंदांच्या आत येणाऱ्या गाडीला ड्राइव्हशाफ्ट लूपही (शाफ्ट तुटला तर तो खाली पडू न देणारं कडं) लागतो, पुढच्या यू-जॉइंटपासून ६ इंचांच्या आत. रोल बार आणि केजसाठी ट्रॅकच्या टेक इन्स्पेक्टरशी आधी बोला; नळी कापल्यावर बोलून उपयोग नाही.

जुनी मॅग्नेशियमची चाकं मिळत आहेत, घेऊ का? नाहीतर कोल्हापूरच्या फाउंड्रीत तशीच ओतून घेता येतील का? (कोल्हापूर)

पहिल्याला: डाय पेनिट्रंट (रंगद्रवानं तडे शोधणारी) तपासणी करून दाखवत असतील तरच. स्पोकच्या मुळाशी पांढरी भुकटी किंवा केसाएवढी तडा दिसली तर चाक शोभेचं समजा. वेल्ड केलेलं तर घेऊच नका. दुसऱ्याला: नाही. मॅग्नेशियम ओतणं म्हणजे बीड ओतणं नव्हे, वितळलेला मॅग्नेशियम पेटतो आणि पाण्यानं भडकतो. ज्या कारखान्याकडे त्यासाठीची खास सोय आणि अनुभव नाही, त्याच्याकडे हा विषय काढू नका.

पुण्यात एखाद्या जुन्या गाडीची गॅसर करून रस्त्यावर चालवता येईल का? (कोथरूड, पुणे)

नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीत दिलेल्या बांधणीत असे फेरफार करता येत नाहीत. शंका असेल तर कापाकापीच्या आधी आरटीओत विचारा.

१/२५ मापाचं मॉडेल करतो आहे. वर्गाची अक्षरं काचेवर कशी लिहायची? (डोंबिवली)

पांढऱ्या बूट पॉलिशची अक्षरं, हातानं, थोडी वाकडी. दारावरचं गाडीचं नाव मात्र रंगाऱ्यानं रेखलेलं, सोनेरी वर्ख आणि बारीक काळी किनार असलेलं. काचेवर छापील स्टिकर लावू नका. आणि अक्षरं निवडण्याआधी, मॉडेल असलं तरी, पहिल्या उत्तरातला भागाकार करून घ्या.