नातीच्या दुधाच्या दातातून माझी दाढ येईल का?

प्रश्न: डॉक्टरताई, नात सात वर्षांची, पुढचा दात हलतोय. त्यातल्या मूळपेशी पैसे भरून गोठवून ठेवा, पुढं नवे दात उगवतात, असं एकजण घरी येऊन सांगून गेला. माझ्या खालच्या दोन दाढा गेल्यात. मलाही उपयोग होईल का? – एक आजी, निपाणी

उत्तर: आजी, पैसे भरू नका. दुधाच्या दातात मूळपेशी, म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या पेशी घडू शकतात अशा पेशी (स्टेम सेल), असतात हे खरं. संशोधक सोंगताओ शी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेत ते दाखवलं. २०१८ मध्ये चीनमधल्या डॉक्टरांनी मुलांच्या मार लागून मेलेल्या पुढच्या दातांत त्यांच्याच दुधाच्या दातातल्या पेशी घातल्या. मगज, म्हणजे दाताच्या आतला मऊ जिवंत भाग, पुन्हा तयार झाला, रक्त खेळू लागलं, संवेदना आली. मला हे फार मोलाचं वाटतं. पण तो मगज होता, अख्खी दाढ नव्हे. वरचं कठीण कवच घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपतात. शिवाय भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या नियमावलीत अशा साठवणुकीची परवानगी फक्त नाळेच्या रक्ताला आहे. तेव्हा नातीला तो दात खुशाल कौलावर टाकू द्या.

तुमच्यासाठी ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेले दात), इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेला कृत्रिम दात) किंवा कवळी आहेच. आधी हिरड्या तपासून घ्या. तुमच्या भागातल्या कितीतरी बायकांच्या दातांच्या मुळाशी मशेरीचा काळा थर दिसतो. लावत असाल तर आजच सोडा. तिनं हिरड्या खराब होऊन जबड्याचं हाड झिजतं, आणि हाड झिजलं की इम्प्लांटही टिकत नाही.

आणि नातीचं तोंड उघडून अगदी मागे बघा. सहा-सात वर्षांत येते ती दाढ कायमची असते. दुधाची समजून लोक ती किडू देतात.