हौस की आजार? : न फोडलेल्या पार्सलांविषयी

प्रश्न : मी 43 वर्षांची शिक्षिका आहे. गेली दोन वर्षे रात्री घरचे आवरले, की मोबाइलवर साड्या पाहत बसते आणि काहीतरी मागवल्याखेरीज झोप लागत नाही. यजमानांना कळू नये म्हणून पार्सले शाळेच्या पत्त्यावर घेते. त्यांतली अकरा कपाटात न फोडता पडून आहेत. क्रेडिट कार्डावर 1,40,000 रुपये थकले असून दरमहा किमान रक्कम म्हणून 7,000 रुपये भरते. ही हौस म्हणावी की आजार?

उत्तर : आपल्या पत्रातील थकबाकीपेक्षा त्या अकरा पार्सलांनी माझे लक्ष अधिक वेधले. हौसेने घेतलेल्या साडीची घडी मोडायला बाई निमित्त शोधत असते. आपल्याला मात्र जे हवे असते ते ऑर्डर नोंदवताक्षणीच मिळून जाते आणि साडी उरते ती लपवण्यापुरती. आधी तगमग, मग क्षणभर सुटका, पाठोपाठ अपराधीपणा आणि लपवाछपवी असे हे चक्र असते. एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी त्याचे वर्णन केले होते, तेव्हा सारा दोष मोबाइलच्या माथी मारता येणार नाही. तरीही केवळ पत्रावरून निदान करणे योग्य नव्हे. यामागे नैराश्य किंवा चिंताविकारही असू शकतो, म्हणून मनोविकारतज्ज्ञांना अवश्य भेटा. सुरुवातीला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येईल.

आता हिशेब पाहू. दरमहा साडेतीन टक्के व्याज धरल्यास 4,900 रुपये व्याज आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 882 रुपये होतात. म्हणजे आपल्या 7,000 रुपयांतून मुद्दलात जेमतेम 1,218 रुपये जमा होतात, आणि जुनी बाकी आहे तोवर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदतही मिळत नाही. कमी व्याजाचे कर्ज काढून किंवा दागिने मोडून ही बाकी एकरकमी फेडण्याचा सल्ला कोणीही देईल. माझे मत असे, की सवय आटोक्यात येण्यापूर्वी कार्ड मोकळे केले तर ते वर्षभरात पुन्हा भरते आणि कर्ज मात्र दुप्पट होते.

म्हणून आधी बँकेच्या अ‍ॅपमधून कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करा; रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 2020 पासून ही सोय बँकांना द्यावीच लागते. खरेदीच्या अ‍ॅपमध्ये साठवलेले कार्ड काढून टाका आणि रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. मागवावेसे वाटेल तेव्हा वस्तूचे नाव, वेळ आणि त्या दिवशी मनाला काय लागले होते ते वहीत लिहून एक दिवस थांबा. पंधरा दिवसांच्या नोंदी तज्ज्ञांना फार उपयोगी पडतात. यजमानांना सांगणे सर्वांत अवघड आहे, हे मी जाणतो. परंतु कार्डाचे स्टेटमेंट समोर ठेवून आपणच सांगितलेले बरे, कारण बँकेचा वसुलीचा फोन घरी आला तर बोलणे पैशांवरच अडकेल.

प्रश्न : वडिलांना कंपवात आहे. सहा महिन्यांपूर्वी गोळ्या वाढवल्यापासून एरवी काटकसरी असलेले बाबा रोज काही ना काही विकत आणतात. हे वयामुळे असेल का?

उत्तर : वयाला बोल लावू नका. कंपवातावरील प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांमुळे काही रुग्णांत खरेदीचा किंवा जुगाराचा अनावर आवेग निर्माण होतो. मेंदूविकारतज्ज्ञांना हा बदल तारखेसह लगेच कळवा. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका, कारण त्या अचानक थांबवणे धोक्याचे असते.