प्रत्यारोपणानंतर हिमोग्लोबिन घसरते तेव्हा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (ऐरोली) : यजमानांच्या मूत्रपिंड प्रत्यारोपणाला दोन महिने झाले. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन स्थिर आहे, रक्तस्राव कुठेही नाही. तरीही हिमोग्लोबिन ११ वरून ६ वर आले आणि दोनदा रक्त चढवूनही ते टिकत नाही. कारण काय असावे?

उत्तर : आधी रेटिक्युलोसाइट काउंट झाला आहे का, ते पाहा. अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशींचे प्रमाण त्यात कळते. हिमोग्लोबिन इतके उतरले असता ते वाढायला हवे. उलट ते शून्याच्या जवळ असेल आणि पांढऱ्या पेशी व प्लेटलेट बऱ्यापैकी ठीक असतील, तर तांबड्या पेशींची निर्मितीच थांबली आहे असे समजावे. अशा वेळी पार्व्होव्हायरस बी१९ या विषाणूचा विचार झालाच पाहिजे.

१९७५ मध्ये लंडनमध्ये इव्होन कोसार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांना हेपॅटायटिस बी साठी रक्त तपासताना हा विषाणू अनपेक्षितपणे आढळला. तो अस्थिमज्जेतील, तांबड्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशींमध्ये शिरतो आणि त्यांचा नाश करतो. निरोगी माणसातही हेच घडते; पण तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि प्रतिपिंडे (अँटिबॉडी) थोड्याच दिवसांत विषाणूला आवरतात, त्यामुळे तेवढा खंड जाणवतही नाही. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांखाली असलेल्या रुग्णात मात्र प्रतिपिंडे पुरेशी तयार होत नाहीत, विषाणू मुक्काम ठोकतो आणि महिनोन्‌महिने निर्मिती बंद राहू शकते. तांबड्या पेशी वाढवणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने अशा वेळी फारशी लागू पडत नाहीत, कारण ती ज्या पेशींना चालना देतात त्याच नष्ट होत असतात.

लोहाची कमतरता, सायटोमेगालोव्हायरस या दुसऱ्या विषाणूचा संसर्ग, तसेच मायकोफेनोलेट, व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर व कोट्रायमोक्साझोल ही औषधेही हिमोग्लोबिन उतरवतात. त्यांचीही शहानिशा हवी. पण कारण न शोधता पुन्हा पुन्हा रक्त चढवत राहणे मला चिंताजनक वाटते. प्रत्येक बाटलीबरोबर परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्याचा धोका असतो आणि त्याचा फटका नव्या मूत्रपिंडाला बसू शकतो. दम लागत असेल, छातीत दुखत असेल तर रक्त द्यावेच लागते. ते पांढऱ्या पेशी गाळलेले असावे.

प्रश्न (नेरूळ) : माझी बी१९ ची अँटिबॉडी तपासणी निगेटिव्ह आली, तरी डॉक्टर पीसीआर करायला सांगतात. ती आवश्यक आहे का?

उत्तर : होय. प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असताना अँटिबॉडी दिसली नाही, म्हणून संसर्ग नाही असे म्हणता येत नाही. पीसीआर विषाणूचा डीएनए थेट शोधते. मात्र बरे झाल्यानंतरही ती दीर्घकाळ पॉझिटिव्ह राहू शकते. म्हणून अहवाल नेहमी हिमोग्लोबिन व रेटिक्युलोसाइटच्या जोडीनेच वाचावा.

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे) : भावाला हाच संसर्ग निघाला आहे. प्रत्यारोपणाच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवल्या तर चालेल का?

उत्तर : कृपया स्वतःहून एकही गोळी बंद करू नका, अवयव नाकारला जाण्याचा धोका खरा आहे. किती आणि कोणते औषध कमी करायचे हे नेफ्रॉलॉजिस्टच (मूत्रपिंडतज्ज्ञ) औषधाची रक्तातील पातळी पाहून ठरवतात. मुख्य उपचार शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिनचा. बहुतेक ठिकाणी एकूण मात्रा वजनाच्या दर किलोमागे सुमारे २ ग्रॅम असते आणि ती काही दिवसांत विभागून देतात. अनेक प्रौढांना हा संसर्ग लहानपणीच होऊन गेलेला असल्याने, असंख्य दात्यांच्या प्लाझ्मापासून बनवलेल्या या औषधात बी१९ विरुद्धची प्रतिपिंडे आयतीच असतात. औषध महाग आहे, आणि मूत्रपिंडावर ताण येऊ नये म्हणून ते सावकाश द्यावे लागते. गुण येत असेल तर आधी रेटिक्युलोसाइट वाढतात, मग हिमोग्लोबिन. काहींमध्ये आजार उलटतो, तेव्हा बरे वाटू लागल्यावरही रक्ततपासणी चुकवू नये.

प्रश्न (खारघर) : मुलाच्या दोन्ही गालांवर लाल पुरळ आले आहे, घरात आजोबांचे यकृत प्रत्यारोपण झालेले आहे. मुलाला वेगळे ठेवावे का?

उत्तर : बी१९ मुळे मुलांच्या गालांवर असे पुरळ येऊ शकते. ते बी१९ चेच असेल, तर संसर्ग पसरण्याचा काळ बहुधा पुरळ उठण्याआधीच संपलेला असतो, त्यामुळे आता मुलाला दूर ठेवून फारसे साधणार नाही. आजोबांच्या डॉक्टरांना मात्र आजच कळवा आणि पुढील काही आठवडे त्यांचे हिमोग्लोबिन तपासत राहा. लस उपलब्ध नाही. या विषाणूला मेदाचे आवरण नसल्याने सॅनिटायझरपेक्षा साबण आणि पाणी अधिक भरवशाचे. आजोबांना संसर्ग झालाच, तर त्यांच्याकडून तो बराच काळ पसरू शकतो. घरात कोणी गर्भवती असेल किंवा थॅलेसेमिया, सिकलसेलचा रुग्ण असेल, तर त्यांच्याही डॉक्टरांना ही माहिती द्यावी.