डोमकावळ्याला विचारलेले प्रश्न

प्रिय मित्रा,

एडगर अॅलन पो यांची 'द रेव्हन' ही कविता मराठीत आणायला घेतलीस, फार बरं वाटलं. पहिल्या ओळीला हात घालण्याआधी वहीत १ ते १८ आकडे घाल आणि प्रत्येक कडव्याचा शेवट कोणाच्या तोंडी आहे ते समोर लिही. 'नेव्हरमोअर', म्हणजे 'पुन्हा कधीच नाही', आठव्या कडव्यापासून येतं, एकूण अकरा कडव्यांच्या शेवटी. त्यात पक्षी बोलतो सहादाच: ८, १०, १४, १५, १६, १७. उरलेल्या पाच ठिकाणी तो शब्द निवेदकाकडून येतो. तेरावं कडवं नीट बघ. दिव्याच्या उजेडात उशीचं जांभळं मखमली अस्तर दिसतं, आणि त्याची गेलेली प्रेयसी लेनोर आता इथे कधीच टेकणार नाही, हे निवेदक स्वतःच म्हणतो. पक्षी गप्प असतो.

पक्ष्याला एवढा एकच शब्द येतो, हे निवेदकाने अकराव्या कडव्यातच ओळखलेलं असतं. तरी तो विचारत राहतो. या दुःखावर काही औषध आहे का? स्वर्गात लेनोर भेटेल का? उत्तर ठाऊक असून विचारलेले हे प्रश्न आहेत, तेव्हा जीव ओतायचा तो इथे. ते एकाच सुरात आले की कवितेची नुसती भुताटकी होते. सोळावं कडवं आपण सर्वांत आधी लिहिलं, असं पो यांनी १८४६च्या निबंधात सांगितलंय. तूही तिथूनच सुरू कर. आधीच्या कडव्यांत आवाज किती चढू द्यायचा ते आपोआप कळेल.

यमकात फसशील, सांभाळ. प्रत्येक कडव्याची दुसरी, चौथी, पाचवी आणि सहावी ओळ 'ओर'वर संपते, म्हणजे ७२ ओळी. तू 'नाही' धरलंस तर काही, ग्वाही, दाही लगेच संपतात. मग 'पाही', 'राही' घुसतात आणि शोक नाटकी होतो. पाचव्या-सहाव्या ओळीचं यमक जप, बाकीचं खुशाल सोड. सहावी ओळ मात्र अर्धीच राहू दे.

'डोमकावळा'च म्हण. नुसत्या 'कावळा'ने दहाव्याचा पिंड डोळ्यांपुढे येतो. तिथे कावळा शिवला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो; हा पक्षी नेमका तो दिलासा नाकारतो.

आणि प्रस्तावनेत 'पत्नीच्या निधनानंतर लिहिलेली' असं लिहू नकोस. कविता २९ जानेवारी १८४५ला छापून आली. क्षयाने आजारी असलेली व्हर्जिनिया गेली ३० जानेवारी १८४७ला.

सोळाव्याचा खर्डा झाला की पाठव.

अनेक आशीर्वाद.