भावजींचा मेसेज

प्रश्न : माझे दीर देवगडला हापूसची बाग करतात. घरच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज ठरलेला : ‘हवामान पूर्वीही बदलायचं. बहात्तरचा दुष्काळ विसरलात?’ समजावायला गेलं की वाद होतो. काय करू?

उत्तर : ताई, भावजी म्हणतात त्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते मनाला पटतं. बहात्तर खरंच भीषण होतं. पण तो तेवढ्या काळापुरता दुष्काळ होता. हवेतला, उष्णता धरून ठेवणारा कार्बन डायऑक्साइड वायू कारखानदारीआधी दशलक्षात २८० भाग होता, आज ४२० च्या वर आहे, ही गोष्ट निराळी.

शंका पेरलीही जाते. नासाचे हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी १९८८ मध्ये अमेरिकी सिनेटपुढे तापमानवाढीचा धोका स्पष्ट सांगितला होता. तरी १९९८ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल कंपन्यांच्या संघटनेने जमवलेल्या गटाने प्रचाराचा आराखडा लिहिला. सामान्य माणसाला हवामानशास्त्रातली अनिश्चितता ‘पटली’ की आपण जिंकलो, असं त्यात होतं. तो वाचून मला आजही संताप येतो.

हे समजावून सांगणाऱ्या आमचंही चुकतं. जगाच्या तापमानवाढीबद्दल ‘सरासरी दीड अंश’ म्हटलं की सकाळ-दुपारचा दहा अंशांचा फरक सोसणाऱ्याला त्यात काय वाटणार?

तेव्हा ग्रुपवर आकडे टाकू नका. बागेत जा, त्यांनाच विचारा : मोहोर कधी आला, फवारण्या किती झाल्या, अवकाळी कधी पडला? माझे वडील पाऊस वहीत टिपत; तशी एक वही भावजींना द्या. एका हंगामाने काही सिद्ध होणार नाही, पण बोलणं त्यांच्या झाडांवरून सुरू होईल.